सूट देतो कोण?



गेल्या उन्हाळ्यात अण्णा (आमचे वडील) इथे न्यू जर्सीला आले होते. कराडला पस्तीस वर्षं किराणा मालाचं दुकान चालवलेला माणूस. त्यांना म्युझियम दाखवा, धबधबा दाखवा, पाच मिनिटांत "चला आता" म्हणतात. पण सुपरमार्केटमध्ये नेलं की दोन तास कुठे गेले कळत नाही. प्रत्येक फळीवरचा माल बघणार, भाव बघणार, कुठला माल डोळ्यांच्या उंचीवर ठेवलाय आणि कुठला खाली ढकललाय ते बघणार.

चार जुलैच्या आधीचा शनिवार होता. आत शिरल्या शिरल्या चिप्सच्या पाकिटांचा डोंगर आणि वर ही मोठी पाटी: दोन घ्या, दोन फुकट. अण्णांनी एक पाकीट उचललं आणि उलटसुलट करून छापील किंमत शोधू लागले. आपल्याकडे १९९० पासून पाकिटावर सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते, त्याची डोळ्यांना सवय. इथे तसं काही नसतं म्हटल्यावर ते जरा चक्रावलेच.

"म्हणजे ह्याची खरी किंमत किती?"

"ही काय, पाटीवर आहे ना."

"ती दुकानदाराची. मी मालाची विचारतोय. आणि ही एवढी सूट हा देतो कुणाच्या खिशातनं? स्वतःच्या का कंपनीच्या?"

मी आपलं "आपल्याला काय करायचंय, स्वस्त मिळतंय ना" म्हणून गाडी पुढे ढकलली. पुढे अंडी आली. तिथे पाटी नाही, फुकट नाही, काही नाही. अण्णा म्हणाले, "मग ह्याच्यावर का नाही देत सूट? माणसं रोज खातात ते हे ना?"

प्रश्न साधाच आहे, पण मला त्याचं धड उत्तर देता येईना. खरं तर अर्धं उत्तर मला माहीत असायला हवं होतं. या देशातलं माझं पहिलं काँट्रॅक्ट एका किराणा साखळीकडे होतं आणि काम होतं नेमकं सवलतींच्या हिशेबाचं. डेटाबेसच्या टेबलमध्ये प्रत्येक सवलतीसाठी एक ओळ: माल कुठला, तारीख कुठून कुठे, किती सेंट कमी. आणि शेवटी एक कॉलम, पैसे कोण देणार: दुकान की कंपनी? दीड वर्ष त्या कॉलमवर क्वेऱ्या लिहिल्या, पण त्याचा अर्थ काय असा विचार कधी केला नाही. टेस्ट पास झाली की घरी.

मग हिवाळाभर जमेल तसं वाचत गेलो. त्या एका कॉलमवरून या देशात जवळजवळ नव्वद वर्षं भांडण चालू आहे. कायदे झाले, खटले झाले, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरणं गेली. तीच गोष्ट आज सांगतो. लांब आहे, चहा घेऊन बसा. :-)

*

सुरुवात एका चहाच्या कंपनीपासून. १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चहा आणि चामड्याचा व्यापार करणाऱ्या मंडळींनी एक धंदा सुरू केला, त्याचं पुढे नाव झालं ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी. लोक तिला 'ए अँड पी' म्हणत. चहानंतर कॉफी, मग साखर, बेकिंग पावडर असं करत करत १९३०च्या सुमारास तिची पंधरा हजारांहून जास्त दुकानं झाली होती. अमेरिकेतल्या आजच्या कुठल्याही सुपरमार्केट साखळीपेक्षा हा आकडा मोठा आहे. दुकानं अर्थात छोटी छोटी, आपल्या पेठेतल्यासारखी. चालवणारे दोघे भाऊ, जॉर्ज आणि जॉन हार्टफर्ड. धोरण एकच: भाव कमी ठेवा, माल जास्त खपवा.

त्या काळात दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राहायचं आणि आतला माणूस माल काढून द्यायचा. अगदी आमच्या कराडच्या दुकानासारखंच. १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं आणि काउंटरच काढून टाकला. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून टोपलीत माल घ्यायचा. यामुळे नोकरांचा पगार वाचला हे खरंच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची. आता दुकानदार "हे घ्या, ते घ्या" सांगायला उभा नव्हता. पाकीटच बोलायला लागलं आणि फळीवरच्या जागेला किंमत आली.

सवलतीचं आजचं गणित मांडलं ते मात्र मायकेल कलन या माणसाने. तो क्रोगर कंपनीत नोकरीला होता, इलिनॉयमधल्या एका लहान गावात. त्याने क्रोगरच्या अध्यक्षांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यातली योजना अशी: भलं मोठं दुकान काढायचं, ते मुख्य बाजारपेठेबाहेर जिथे भाडं कमी आणि गाड्या लावायला जागा भरपूर अशा ठिकाणी. मालाचे चार भाग करायचे. ३०० वस्तू खरेदीच्या भावात विकायच्या, म्हणजे नफा शून्य. २०० वस्तू खरेदीवर ५ टक्के चढवून, ३०० वस्तू १५ टक्के चढवून आणि उरलेल्या ३०० वस्तू २० टक्के चढवून. पहिल्या तीनशेची जाहिरात वाचून लोक धावत येणार आणि जाताना बाकीच्या आठशेतलंही उचलणार.

पत्राला उत्तर आलं नाही. कलनने नोकरी सोडली आणि ऑगस्ट १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जमैका इथे, एका जुन्या गॅरेजमध्ये 'किंग कलन' सुरू केलं. महामंदीचे दिवस, लोकांना एकेक सेंट मोलाचा. दुकान तुफान चाललं. अमेरिकेतलं पहिलं सुपरमार्केट म्हणून आज त्याचंच नाव घेतात.

तेव्हा अण्णांच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला. एक सूट असते ती दुकानदार स्वतःच्याच खिशातून देतो. या खिशातलं त्या खिशात. दूध, केळी, थँक्सगिव्हिंगची टर्की यांच्यावर मिळते ती बहुतेक वेळा या जातीची. एकीकडे सोडलेला नफा दुसऱ्या मालावर वसूल होतो, एवढाच हिशेब. फसवणूक म्हणता येणार नाही, आमचे अण्णाही दिवाळीत साखर खरेदीभावात देऊन बदाम-काजूवर काढायचे!

*

दुसरी सूट वेगळी. ती कंपनीच्या खिशातून येते. आणि भांडण आहे ते हिच्यावरून.

ए अँड पीसारखं गिऱ्हाईक कंपनीच्या दारात आलं की नुसता माल मागत नाही. "आम्ही तुमच्या मालाची जाहिरात करतो, तिचे पैसे द्या. आमचा आम्हीच माल उचलतो, मधला दलाल नाही, तर त्याची दलालीही आम्हालाच द्या." १९३५ मध्ये टेक्सासचे काँग्रेसमन राइट पॅटमन यांच्या समितीसमोर हे सगळं बाहेर आलं. एकट्या ए अँड पीला वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जाहिरातीचा भत्ता म्हणून आणि २० लाख डॉलर दलाली म्हणून मिळत होते. बिलावर भाव सगळ्यांना सारखा दिसायचा, फरक बिलाच्या बाहेर पडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तर असा काही भत्ता असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

पॅटमन आणि अर्कान्सासचे सिनेटर जोसेफ रॉबिन्सन यांच्या नावाचा कायदा जून १९३६ मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. (बिचारा कलन त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता.) कायद्याचा गाभा दोन वाक्यांत असा: एकाच दर्जाचा माल, आपापसात स्पर्धा करणाऱ्या दोन दुकानदारांना वेगवेगळ्या भावात विकून स्पर्धेला धक्का लावायचा नाही. जाहिरातीचा भत्ता द्यायचा तर तो सगळ्यांना, ज्याच्या त्याच्या प्रमाणात मिळाला पाहिजे. मोठ्या गिऱ्हाइकाला माल पोचवायला खरोखरच कमी खर्च येत असेल तर तेवढी सूट चालेल, पण ते हिशेबाने दाखवायचं.

ऐकायला किती सरळ वाटतं! पण या कायद्याचा मूळ मसुदा लिहिला होता घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलाने. साखळ्या थेट कारखान्यातून माल उचलायला लागल्या तर सगळ्यात आधी मरणार होता तो घाऊक व्यापारी. हे अण्णांना फोनवर सांगितलं तर ते खूप हसले. म्हणाले, "म्हणजे लहान दुकानदाराचं नाव, आणि काम एजन्सीवाल्याचं."

पॅटमन एवढ्यावर थांबले नाहीत. साखळी दुकानांवर इतका जबर कर लावायचं विधेयक त्यांनी आणलं की मोठ्या साखळ्या बंदच पडल्या असत्या. ते मात्र १९४० मध्ये बारगळलं.

*

या कायद्याखालचा मला सगळ्यात आवडलेला खटला मिठाचा आहे. चक्क मिठाचा!

मॉर्टन सॉल्ट कंपनी टेबलावरचं मीठ विकायची. तिचं दरपत्रक असं होतं. रेल्वेच्या डब्यापेक्षा कमी माल घेतला तर पेटीला १ डॉलर ६० सेंट. पूर्ण डबाभर घेतला तर १ डॉलर ५०. बारा महिन्यांत ५,००० पेट्या घेतल्या तर १ डॉलर ४०. आणि बारा महिन्यांत ५०,००० पेट्या घेतल्या तर १ डॉलर ३५. कंपनीचं म्हणणं, यात चोरी कुठली? दरपत्रक छापील आहे, सगळ्यांना सारखंच लागू आहे. घ्या पन्नास हजार पेट्या आणि मिळवा सूट.

आता वर्षाला पन्नास हजार पेट्या मीठ कोण घेणार? देशभरात असे फक्त पाच खरेदीदार निघाले आणि पाचही मोठ्या साखळ्या. बाकी हजारो दुकानदारांना ती सूट कागदावर उपलब्ध होती, प्रत्यक्षात कधीच नाही. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल कंपनीविरुद्ध दिला.

कंपनीचा दुसरा मुद्दा असा होता की मीठ म्हणजे किराण्यातला किरकोळ जिन्नस, त्यातल्या फरकाने कुणाचं दुकान बुडतंय? कोर्टाने तोही मानला नाही. किराणा दुकान म्हणजे अशा शेकडो किरकोळ जिन्नसांचीच बेरीज. प्रत्येक जिन्नस क्षुल्लक म्हणून सोडून दिला तर दुकानदाराला संरक्षण कधीच मिळणार नाही.

१ डॉलर ६० आणि १ डॉलर ३५ यांत पंधरा टक्क्यांहून अधिक फरक आहे. किराण्याच्या धंद्यात निव्वळ नफा शेकडा दोन-तीन टक्के राहिला तरी लोक हात जोडतात. म्हणजे लहान दुकानदार कितीही राबला, कितीही गोड बोलला, तरी माल दुकानात येण्याआधीच तो हरलेला होता. कराडला अण्णांकडे सेल्समन यायचा तेव्हा "दहा पेट्यांवर एक फुकट" अशी स्कीम असायची. आमचं दुकान दोन पेट्यांचं. मी शाळेत होतो, पण अण्णा त्याला दर वेळी एकच विचारायचे ते आठवतंय: "दोनावर काय?" तो हसायचा आणि कॅलेंडर द्यायचा.

*

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल.

हार्टफर्ड बंधूंनी मिळालेली सूट खिशात घातली नाही, बरीचशी गिऱ्हाइकाला दिली. मंदीच्या काळात कामगारांच्या घरात ए अँड पीमुळे दोन घास जास्त गेले असतील. तरीही सरकारने कंपनीवर फौजदारी खटला भरला. १९४६ मध्ये ती दोषी ठरली, एकूण १,७५,००० डॉलर दंड झाला आणि १९४९ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. आरोप काय, तर खरेदीच्या ताकदीचा गैरवापर. स्वस्त विकणाऱ्यालाच शिक्षा, हे कसलं ग्राहकहित, असा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला.

हाच प्रश्न पुढे अर्थशास्त्रज्ञांनी लावून धरला. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने फ्रोझन पायच्या एका खटल्यात युटामधल्या स्थानिक बेकरीच्या बाजूने निकाल दिला. बाहेरच्या मोठ्या कंपन्या तिच्या गावात येऊन भाव पाडत होत्या. टीकाकार म्हणाले, गावात पाय स्वस्त झाला म्हणजे स्पर्धा चालू आहे, बंद नाही! रॉबर्ट बोर्क यांच्या १९७८च्या पुस्तकाने या विचाराला मोठं बळ दिलं. कायद्याने ग्राहकाला मिळणारा भाव बघावा, दुकानदाराचं काय होतं ते बघू नये. १९८०च्या दशकापासून सरकारने रॉबिन्सन-पॅटमन जवळजवळ अडगळीत टाकला. रद्द केला नाही, नुसता वापरला नाही. आपल्याकडे कसं, जुनं जातं टाकवत नाही आणि त्यावर दळतही नाही.

मधे एकदाच, २००० मध्ये, तो बाहेर निघाला, तोही मसाल्यांच्या बाबतीत. मॅककॉर्मिक ही इथली मसाल्यांची सगळ्यात मोठी कंपनी काही साखळ्यांना इतरांपेक्षा जास्त सूट देत होती. बदल्यात मसाल्याच्या फळीवरची बहुतेक जागा, काही ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत, आपल्यासाठी राखून घेत होती. फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली आणि कंपनीने तडजोड मान्य केली. त्यानंतर पुन्हा चोवीस वर्षं सामसूम.

*

आता चिप्सकडे येऊ.

१९३२ मध्ये, म्हणजे किंग कलन नंतर दोनच वर्षांनी, दोन माणसांनी दोन ठिकाणी धंदा सुरू केला. सॅन अँटोनियोला एल्मर डूलिनने मक्याच्या कुरकुरीत पट्ट्यांची कृती १०० डॉलरला विकत घेतली, ती 'फ्रिटोज'. नॅशव्हिलला हर्मन ले आपल्या गाडीतून बटाट्याचे चिप्स दुकानोदुकानी विकत फिरायला लागला. १९६१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि १९६५ मध्ये पेप्सीशी जोडल्या गेल्या.

चिप्स नाजूक, दाबले की चुरा, आणि उशीर झाला की मऊ. म्हणून हा माल साखळीच्या गोदामात न जाता कंपनीची गाडी थेट दुकानात आणते, कंपनीचाच माणूस फळीवर लावतो, शिळा झालेला परत नेतो. म्हणजे फळीचा तो तुकडा दुकानाचा असला तरी चालवते कंपनी. दारातला डोंगरसुद्धा दुकानदाराच्या हौसेने उभा राहत नाही, त्याची बोलणी आधी कधीतरी झालेली असतात.

आणि चिप्सवरच सूट का? माझ्या त्या जुन्या टेबलात याचं उत्तर होतं. डिटर्जंट स्वस्त झाला तर माणूस चार बाटल्या आणून ठेवतो आणि पुढचे चार महिने घेत नाही. कपडे काही जास्त धुत नाही. चिप्सची चार पाकिटं आणली तर ती चार महिने टिकतात का? आमच्या घरी तर रविवार संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. घरात आहे म्हणून खाल्लं जातं, संपलं की पुन्हा आणलं जातं. म्हणजे सूट देऊन कंपनी उद्याची विक्री आज ओढत नाही, जास्तीची विक्री तयार करते. वर बटाटा, तेल, मीठ यांच्या मानाने पाकिटाची किंमत इतकी जास्त की दोन फुकट देऊनही भागतं.

अंड्यांचं तसं नाही. अंड्यामागे अशी नावाजलेली कंपनी नाही, जाहिरातीचं बजेट नाही, आणि स्वस्त झाली म्हणून कोणी दिवसाला आठ अंडी खात नाही. तिथे सूट द्यायची तर दुकानदाराने स्वतःच्याच खिशातून द्यायची. बर्ड फ्लूमुळे कोंबड्या मारल्या गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये डझनाची सरासरी किंमत ६ डॉलर २३ सेंटवर गेली, तेव्हा दुकानदाराच्या हातात करण्यासारखं फारसं नव्हतं. म्हणून महागाईत चित्र उलटं दिसतं. रोज लागतं ते चढत जातं, आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याच्यावर मात्र पाट्या लागतात.

महागाईचे आकडे तुम्ही बिलावर पाहिलेच आहेत. घरी आणून खायच्या किराण्याचे भाव इथे २०२२ मध्ये ११.४ टक्क्यांनी वाढले, २०२३ मध्ये ५ टक्क्यांनी आणि २०२४ मध्ये १.२ टक्क्यांनी. शेवटचा आकडा ऐकून पुष्कळांना वाटतं भाव उतरले. उतरले नाहीत, फक्त चढायचा वेग कमी झाला. चिप्सही त्यातून सुटले नाहीत. पेप्सीनेच २०२२ आणि २०२३ मध्ये काही तिमाहींत दोन आकडी टक्क्यांनी भाव वाढवले. युरोपात कारफूर या मोठ्या साखळीने तर जानेवारी २०२४ मध्ये "हे भाव परवडत नाहीत" म्हणून पेप्सीचा माल विकणंच थांबवलं. त्यामुळे 'दोन घ्या, दोन फुकट' वाचताना, आधीचा भाव कुठे नेऊन ठेवला होता तेही आठवायला हवं.

*

आणि इथे ते अडगळीतलं जातं पुन्हा निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मद्याच्या एका मोठ्या वितरकावर रॉबिन्सन-पॅटमनखाली खटला भरला, आणि १७ जानेवारी २०२५ ला पेप्सीवर. आरोप असा की एका बड्या साखळीला कंपनी जाहिरातीचे पैसे आणि इतर भत्ते देते, जे तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या दुकानांना देत नाही. म्हणजे १९३५ला पॅटमन समितीसमोर आलं होतं, तेच. साखळीचं नाव जाहीर केलेल्या कागदात झाकलेलं होतं, पण वर्तमानपत्रांनी लगेच वॉलमार्ट म्हणून सांगितलं. पेप्सीने आरोप नाकारला.

कमिशनमध्येच मतं ३ विरुद्ध २ होती. सरकार बदललं आणि २२ मे २०२५ ला नव्या कमिशनने हा खटला मागे घेतला. पुरावा तपासून कोणी निकाल दिलाच नाही, त्यामुळे आरोप खरा की खोटा हे कोर्टात ठरलेलं नाही. तसं ठरलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं, निकाल कुणाच्याही बाजूने लागो.

हा वाद आपल्याकडेही आहे बरं का. वितरकांच्या देशव्यापी संघटनेने २०२१च्या अखेरीस मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांना बजावलं की बड्या घाऊक साखळ्यांना आणि ऑनलाइन कंपन्यांना जो भाव देता तोच आम्हालाही द्या. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात एका नामांकित टूथपेस्टचा पुरवठा वितरकांनी काही काळ थांबवला होता. मॉर्टनचं मीठ आणि आपली टूथपेस्ट, दरपत्रक तेच.

*

शेवटी पुन्हा अण्णा.

आमच्या रस्त्यावर एक देशी दुकान आहे. नवसारीकडचे शेठ आणि शेठाणी चालवतात. पोहे, भाजणी, कढीपत्ता तिथेच मिळतो. दारात चिप्सचा एक लहानसा रॅक. अण्णांची आणि शेठची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. अण्णांनी विचारलं, चिप्स काय भावाने पडतात? शेठ म्हणाले, गाडीवाल्याचा भाव मला परवडत नाही. मी रविवारी रात्री मोठ्या दुकानात जातो, तिथे सूट असते तेव्हा चार-पाच खोकी उचलतो आणि इथे लावतो.

अण्णा काही बोलले नाहीत. घरी चालत येताना म्हणाले, "मी पण शेवटची दोन वर्षं तेच करत होतो." मला हे माहीत नव्हतं. हायवेला मोठं दुकान झालं तेव्हा साबण, पावडरी तिथे एजन्सीच्या भावापेक्षा स्वस्त मिळायला लागल्या. अण्णा सकाळी लवकर, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून, पिशव्या घेऊन जायचे. गिऱ्हाइकासारखे रांगेत उभे राहायचे आणि तोच माल आणून आपल्या दुकानात लावायचे. २०१८ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा मला फोनवर म्हणाले होते, "गुडघे दुखतात आता." मी खरं मानलं. तेव्हा मी इथे बसून त्या कॉलमवर क्वेऱ्या लिहीत होतो.

मी स्वतः काय करतो? मोठ्याच दुकानात जातो. दोन मुलं, घराचा हप्ता, डेकेअरची फी, कुठे कुठे तत्त्व पाळणार? ए अँड पी वाईट आणि कोपऱ्यावरचा दुकानदार बिचारा, असं सरळ सांगता येणारं हे प्रकरण नाही. मिठाचा निकाल मला पटतो आणि बोर्क म्हणतात त्यातही तथ्य दिसतं. पण एवढं नक्की कळलं की सूट ही आकाशातून पडत नाही. ती एकाला दिली जाते तेव्हा दुसऱ्याला दिलेली नसते, आणि तो दुसरा कोण हे पाटीवर लिहिलेलं नसतं. हे बघायला आपला कायदा असावा की नसावा, यावर भांडता येईल. पण निदान हिशेब उघडा असावा, एवढं तरी मागायला काय हरकत आहे?

ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं त्या ए अँड पीचं काय झालं म्हणाल तर २०१५ मध्ये तिने दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षअखेर उरलीसुरली दुकानंही बंद झाली किंवा विकली गेली. तिच्यापेक्षा मोठं गिऱ्हाईक बाजारात आलं होतं.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी दुकान होतं का? स्कीम, मार्जिन, एजन्सी यांचे अनुभव असतील तर जरूर लिहा, अण्णांना वाचून दाखवीन. आणि लंडन, दुबईकडच्या मंडळींनी तिकडे काय पद्धत आहे तेही सांगावं.

चू. भू. द्या. घ्या.